महिन्याला पंधरा-वीस वाढतात

तीस वर्षं मी उभ्यानं काढली. सातारा ते सांगली आणि सांगली ते सातारा, लाल गाडीत, गळ्यात चामड्याची पिशवी अडकवून. एवढ्या फेऱ्यांत माणूस चंद्रावर जाऊन परत आला असता, आणि येताना कराडला चहासुद्धा झाला असता. निवृत्त झालो, पण पायांना ते कुणी सांगितलंच नाही. पहिल्या महिन्यात घरातल्या दोन खोल्यांत मी इतक्या येरझाऱ्या घातल्या की फरशीत पाट पडला. खुर्चीवर बसलो की वाटायचं, आता घंटी कोण मारणार? शेवटी बायको म्हणाली, "आवं, बसा की जरा. तुमच्याकडं बघून माझं दूध नासतंय." त्या दिवशी दूध खरोखरच नासलं होतं, हे मी शपथेवर सांगतो.

म्हणून मी एका संस्थेचं काम धरलं. जुने कारागीर शोधायचे, त्यांना आधार द्यायचा, त्यांचा माल शहरातल्या दुकानांत पोचवायचा, असं त्या संस्थेचं काम. त्यांना फिरणारा माणूस पाहिजे होता आणि मला न बसण्याचं कारण. पगार म्हणाल तर एक कापडी पिशवी आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र. पण माझ्याकडं जे होतं ते त्यांच्यातल्या कुणाकडं नव्हतं. कुठल्या थांब्यावर कोण कसलं बोचकं घेऊन चढतो, हे मला पाठ होतं. घोंगड्यांचा गठ्ठा कुठं चढतो, सुपं-टोपल्यांची उतरंड टपावर कुठं बांधतात, हलगीचं तिकीट अर्धं की पूर्ण यावर कोण भांडतो, सगळं. औंधच्या डोंगराखालच्या एका बुरडानं विणलेल्या टोपलीत पाणी ठरायचं आणि ते मी प्यालेलो आहे, असं मी संस्थेच्या पहिल्याच बैठकीत सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मीही ते हळूहळू खरं मानायला लागलो.

आष्ट्याचे चाचाही मला गाडीमुळंच सापडले.

ती हकीकत अशी. एकदा इस्लामपूर सोडलं आणि एका बाईच्या गळ्यातलं डोरलं गर्दीत कुणाच्या तरी पिशवीला अडकून वाढलं. वाढलं म्हणजे तुटलं. पण डोरलं तुटलं, मंगळसूत्र तुटलं असं बोलायची आमच्याकडं पद्धत नाही. तसं बोललं तर नवऱ्याच्या आयुष्यावर बेततं म्हणतात. दिवा विझत नाही, शांत होतो. डोरलं तुटत नाही, वाढतं. तर ते वाढलं आणि मोहरीएवढे काळे मणी गाडीभर पळाले. मी घंटी मारली. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि पंचावन्न सीटचे सत्तर प्रवासी खाली वाकले. एक पैलवान तर सीटखाली असा शिरला की त्याला काढायला दोघं लागले. मणी मोजले तर तीन जास्तच भरले. ती बाई गळ्याला पदर लावून रडत होती. मोकळा गळा घेऊन दारात कशी जाऊ, म्हणत होती. आष्टा आल्यावर गाडी स्टँडात उभी करून मी तिला बाजारातल्या पटवेकऱ्याकडं नेलं. तेच चाचा.

पटवेकरी म्हणजे दोऱ्याचा माणूस. सोनार सोनं घडवतो, पण ते गळ्यात राहतं ते पटवेकऱ्याच्या दोऱ्यावर. डोरली, बोरमाळा, पुतळ्यांच्या माळा ओवून गाठवायच्या, ठुशीला मागं सरकता गोंडा लावायचा, बारशाला करदोडे वळायचे, ही त्याची कामं. चाचांचं दुकान एवढं अरुंद, की आत आलेल्या माणसाला विचार बदलायला बाहेर जावं लागायचं. चाचा गादीवर बसायचे, उजवा पाय लांब करून. दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, ताणायचा, आणि दोन्ही हातांनी मणी ओवत, गाठ मारत यायचं. अंगठ्याला पन्नास वर्षांची खाच पडली होती. त्या दिवशी ते जेवत होते. बाईच्या मुठीतले मणी बघितले आणि ताट सरकवून हात धुतला. वाढलेलं काम थांबत नाही, एवढंच म्हणाले. आधी त्यांनी खिळ्यावरून एक पिवळा दोरा काढला, त्याला हळकुंड बांधलेलं. ते बाईला गळ्यात घालायला दिलं, डोरलं होईस्तोवर. अशी दहा-बारा हळकुंडं त्यांच्या भिंतीवर कायम तयार टांगलेली असायची. नमाजाची टोपी घातलेला हा माणूस आष्ट्यातल्या निम्म्या सवाष्णींचा गळा सांभाळून होता.

त्यानंतर मी गाडीत कुणाचं वाढलं की चाचांचं नाव सांगायचो. आणि संस्थेचं काम घेतल्यावर पहिला फॉर्म भरायचा तर चाचांचा, हे ठरूनच गेलं होतं.

आता चाचांच्या समोरच्या गादीवर त्यांची सून बसायला लागली होती. मुलगा पुण्याला कुठंतरी गाडी चालवतो, दोन-दोन महिने येत नाही. सुनेनं बघून बघून काम उचललं होतं आणि तिचा हात चाचांपेक्षा बारीक होता. हे चाचाच सांगायचे, ती नसताना. पण नुसत्या हातावर दोघांचं भागत नव्हतं. लोक आता माळेत तार घालतात, मशीनची साखळी घेतात. सुनेला इस्लामपूरच्या वाटेवरच्या एका सूतगिरणीत काम मिळत होतं. गिरणीवाल्यांनी तारीख दिली होती: पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी चारच्या आत ऑफिसात येऊन मशीनवर अंगठा उमटवायचा, म्हणजे हजेरीत नाव चढेल. नाही आली तर जागा दुसरीला. चाचा मला म्हणाले, "कंडक्टर, हाताचा अंगठा गिरणीला दिला की पायाचा अंगठा मला कोण देनार? माज्यामागं ही गादी बंद."

संस्थेची योजना होती, निवडलेल्या कारागिराला वर्षभराचं काम द्यायची. गोंडे, करदोडे, ठुशीचे दोरे, शहरातल्या दुकानांसाठी. ते काम मिळालं तर सून गादीवर राहील. पहिल्या शनिवारच्या आत मिळायला पाहिजे होतं. प्रश्न एवढाच होता आणि मी छातीवर हात मारून सांगितलं होतं की ते मिळालंच समजा. छातीवर हात मारायला मला कधी कुणाची परवानगी लागलेली नाही.

संस्थेकडून पाहणीला एक तरुण बाई आल्या. पुण्याच्या, हुशार, मनानं चांगल्या. हातात ती पाटीसारखी टॅबलेट, तिच्यावर रकाने. आष्ट्याच्या बाजारात त्यांना मी स्टँडवरून चालत आणलं तेव्हाच त्या दमल्या होत्या, पण तक्रार केली नाही. दुकानात बसायला जागा नव्हती म्हणून पायरीवर बसल्या. मी अर्थातच उभा. चाचांनी त्यांच्यासाठी सरबत मागवलं. सून समोर कामात होती. पाय लांब, दोरा अंगठ्याला ताणलेला, दुसरं टोक दातांत धरलेलं, दोऱ्यावर एका बाईचं सत्तर-एक मण्यांचं डोरलं.

बाईंनी नाव-गाव विचारलं, शिकला कुणाकडं ते विचारलं. मग त्यांनी एक रकाना उघडला आणि विचारलं, "चाचा, महिन्याला साधारण किती?"

"किती म्हंजे, पंधरा-वीस वाढत्यात."

बाईंनी मान वर केली. "दर महिन्याला पंधरा-वीस वाढतात?"

"लग्नसराईत जास्त. तवा तीस-चाळीसबी वाढत्यात."

"अरे वा. आणि ही वाढ कशामुळे होते, काय सांगाल?"

चाचांना हा प्रश्न जरा पोरकट वाटला असावा, पण पाहुणी म्हणून त्यांनी नीट उत्तर दिलं. गर्दीमुळं, म्हणाले. गाडीत चढताना वाढतं. न्हाईतर ल्हान पोरानं वढलं की वाढतं.

बाई लिहिता लिहिता थांबल्या. लहान मुलं या कामात आहेत का, असं त्यांनी मला हळूच विचारलं, चेहरा एकदम गंभीर करून. इथं मी तोंड उघडायला पाहिजे होतं. खरं सांगायला फक्त चार शब्द लागत होते. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "छे छे, म्याडम. घरच्यांचा उत्साह, असं म्हणायचंय त्यांना. आणि गाडीतली गर्दी म्हणजे बाहेरगावची गिऱ्हाइकं."

हे मी का बोललो? एक तर मला हसू दाबायचं होतं. दुसरं, बाईंचं बोट त्या काचेवर असं आनंदानं धावत होतं आणि पहिला शनिवार माझ्या डोळ्यांपुढं होता. म्हटलं, वाढ म्हणताहेत तर वाढ. तीस वर्षं मी गर्दीत 'पुढं सरका, आत लय जागा आहे' असं ओरडत आलो आणि आत कधी जागा नव्हती. हे त्याहून काय मोठं?

पण सून माझ्याकडं बघत होती. तिला सगळं कळलं होतं. तिच्या दातांत दोऱ्याचं टोक होतं. ते सोडलं असतं तर सत्तर मणी घरंगळले असते. म्हणून ती गप्प. माझ्या दातांत काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या पायांना जे लागलं ते लागलं. सातारला घरी आलो तरी मी दारातून दारात. चौथ्या दिवशी औंधला गेलो, काही काम नसताना. यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या चढलो, वर जाऊन चपला काढल्या, परत घातल्या आणि उतरलो. खाली येऊन पुन्हा चढलो, कारण वर देवीला नमस्कार करायचा राहून गेला होता. बायकोनं विचारलं, काय हरवलंय का? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, हरवलं नसतं तर माणूस एवढं हुडकत नाही. तिला सांगावं असं दहा वेळा मनात आलं. पण ती हसली असती, आणि मग मला कळलं असतं की हे हसण्यासारखं नाही.

पंधरा दिवसांनी चाचांचा निरोप आला, पत्र आलंय, या. मी सातारचे कंदी पेढे घेऊन निघालो. माझा अंदाज, काम मिळालं. दुकानाशी पोचलो तर चाचा गादीवर नव्हते. पायरीवर उभे होते, पत्र हातात. उभे राहिलेले चाचा मी पहिल्यांदाच बघत होतो. मला वाटायचं, त्यांना बसल्याएवढीच उंची आहे.

म्हणाले, वाचा मोठ्यानं. मी वाचलं. संस्थेनं शुद्ध मराठीत लिहिलं होतं की आपल्या कामातील सातत्यपूर्ण वाढ पाहून आम्हांस अत्यंत आनंद झाला आहे. जिल्ह्यातील कारागिरांत आपली वाढ सर्वाधिक आहे. सांगलीच्या विश्रामबागेतील दोन दिवसांच्या प्रदर्शनात आपल्याला मानाची जागा देत आहोत, तिथंच वर्षभराच्या कामाचा कागद देऊ. आणि शेवटी, ही वाढ अशीच दिवसेंदिवस होत राहो, ही सदिच्छा.

चाचांनी पत्र माझ्या हातातून काढून घेतलं.

"आनंद झाला म्हनं. आयाबहिणींची डोरली दिवसेंदिवस वाढत राहू देत, असं लिवलंय ह्यांनी. वर सही करून. तौबा. असं कुनी दुश्मनाला तरी लिवतं का, कंडक्टर?"

मी उभा होतो तिथं हललो नाही, आणि ते माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही. मला वाटलं होतं, घोटाळा एकाच बाजूनं आहे. संस्थेला वाटतंय की चाचांचा धंदा वाढतोय. पण चाचांच्या बाजूनंही एक घोटाळा बसलेला होता, आणि तो असा होता की संस्था त्यांच्या गिऱ्हाइकांना शाप देतेय. पन्नास वर्षं ज्या बायकांची डोरली त्यांनी जेवणावरून उठून जोडली, त्या बायकांना. चाचा म्हणाले, असल्या लोकांचा कागद मला नको. मी जाणार न्हाई. सून पन गिरणीत गेली तर जाऊ द्या, पन असल्या तोंडाचं काम घरात नको.

सून आत गादीवर होती. तिनं मान वर केली नाही. दोरा मात्र ढिला सोडला.

मग मी सांगितलं. सगळं, सरबतापासून. बाईंना 'वाढतात' म्हणजे काय वाटलं ते, मी मधे पडून काय काय बोललो ते, घरच्यांचा उत्साह, बाहेरगावची गिऱ्हाइकं. सांगताना मी नेहमीसारखं थोडं रंगवायला गेलो, पण चाचा हसले नाहीत, तेव्हा रंग आपोआप वाळला. त्यांनी एकच विचारलं.

"तवा तुमी हसला का गप बसला?"

"बोललो, चाचा. त्याहून वाईट."

चाचा आत गेले, गादीवर बसले आणि रिकामा दोरा अंगठ्याला अडकवून ताणत राहिले. त्याला मणी नव्हते. मग म्हणाले की फोन लावा त्या बाईला, आत्ता, हितनंच. मी म्हटलं, चाचा, फोन लावला तर काम जाईल. ते म्हणाले, जाऊ दे. मी म्हटलं, सूनबाईचा विचार करा. तेव्हा सून उठली, पेढ्यांचा पुडा बाजूला केला आणि माझ्याकडं हात केला, मोबाइलसाठी.

तिनं सांगितलं ते फार थोडं होतं. "म्याडम, मी आष्ट्यास्नं पटवेकऱ्यांची सून बोलतीय. आमच्यात डोरलं तुटलं म्हनत न्हाईत, वाढलं म्हनत्यात. महिन्याला पंधरा-वीस तुटल्याली येत्यात, ती आमी जोडून देतो. नवीन कायबी वाढत न्हाई." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. व्हय, व्हय म्हणाली. न्हाई, तसं न्हाई म्हणाली. फोन ठेवला तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता, पण मी सांगतो, एवढी सरळ गाठ मी त्या दुकानात दुसरी बघितली नाही.

बाई रागावल्या नव्हत्या. उलट ओशाळल्या होत्या. आमच्या घरी तुटलंच म्हणतात, मला हा अर्थ माहीतच नव्हता, असं म्हणाल्या. पण योजना नवीन वस्तू बनवणाऱ्यांसाठी होती. फॉर्ममध्ये उत्पादनाचा रकाना होता, विक्रीचा होता, वाढीचा होता. जोडण्याचा रकाना नव्हता. वरिष्ठांना खरं सांगावं लागणार, वर्षभराचं काम आता मिळणार नाही. प्रदर्शनातली जागा मात्र छापून गेली होती. यायचं असेल तर या.

माझ्या डोक्यात तेव्हापासून हा रकाना घुसला आहे. कारागीर जगवायचा म्हणून आपण सगळे विचारतो, तू काय बनवतोस? आणि इथं एक माणूस पन्नास वर्षं बसून काही बनवत नाही, जे आहे ते गळ्यात टिकवतो. त्याला कुठल्या ओळीत लिहायचं?

चाचा जायला तयार नव्हते. सून म्हणाली, आपुन जाऊ. तुटलं म्हननारी मानसं कशी असत्यात, बघू तरी. चाचांनी लगेच भिंतीवरची हळकुंडं पिशवीत भरायला घेतली, कारण त्यांनाही तेच बघायचं होतं. मी माझ्या साडूची मोटारसायकल मागून घेतली. प्रदर्शनाचा दुसरा दिवस म्हणजेच तो पहिला शनिवार होता. सुनेनं गिरणीला जायचं नक्की केलं होतं आणि विश्रामबागेतून तिला चारच्या आत पोचवायची जबाबदारी मी घेतली. निदान एवढं तरी माझ्याकडं लागत होतं.

विश्रामबागेतल्या त्या हॉलमध्ये चाचांसाठी टेबल-खुर्ची मांडली होती. वर मोठा फलक: 'वाढता वारसा'. चाचांनी तो वाचला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी ताबडतोब तो उतरवला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला मार्करनं लिहिलं, 'डोरली, माळा गाठवून मिळतील. लगेच.' खुर्चीवर पाय लांब करता येईना म्हणून दोघं टेबलाखाली सतरंजी टाकून बसले. येणाऱ्यांना आधी चार टेबलाचे आणि दोन माणसांचे पाय दिसायचे.

शुक्रवारी दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. लोक मातीचे घोडे विकत घेत होते, लाकडी गाड्या घेत होते. मी त्या हॉलला इतक्या फेऱ्या घातल्या की पहारेकऱ्यानं मला दोनदा हटकलं. तीनच्या सुमाराला एक बाई थांबल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या असाव्यात. पर्समधून प्लॅस्टिकची पुडी काढली आणि म्हणाल्या, सासूबाईंची बोरमाळ आहे, चार वर्षांपूर्वी तुटली, सोनार म्हणतो तारेत घाला.

चाचांनी टेबलाखालनं मान बाहेर काढली. "तुटली न्हाई म्हनायचं, बाई. वाढली."

बाई हसल्या. आम्ही असलं काही मानत नाही, म्हणाल्या, पण माळ दिली. चाचांनी ती ओवेपर्यंत त्या खाली वाकून बघत राहिल्या; मग सरळ खालीच बसल्या. आणि जाताना त्यांनी फोनवर कुणाला तरी सांगितलं ते मी कान देऊन ऐकलं: तुझी ती वाढलेली ठुशी उद्या घेऊन ये, इथं करून देताहेत.

शनिवारी रांग लागली. मी म्हणेन की ती मिरजेपर्यंत गेली होती. खरं सांगायचं तर दारापर्यंत होती. पण दारापर्यंतसुद्धा पुष्कळ झालं. लॉकरमधल्या पुड्या, दागिन्यांच्या डब्या, रुमालात बांधलेल्या पोती, गेलेल्या आयांच्या माळा. पाच-दहा वर्षं तशाच पडलेल्या, कारण गाठवणारं कुणी आहे हेच माहीत नव्हतं. चाचा एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला. त्या पुण्याच्या बाईही आल्या होत्या. त्या रांगेतल्यांना चिठ्ठ्या देत होत्या आणि कुणी तुटलंय म्हटलं की स्वतःच हळू आवाजात दुरुस्त करत होत्या.

दोन वाजले. मी सुनेला खूण केली. तिनं मान हलवली, हातातलं झालं की. अडीचला मी मोटारसायकल फाटकापाशी आणली. पावणेतीनला आत आलो तर तिच्या अंगठ्याला दुसरा दोरा होता. समोर एक पोक्त बाई, गळा मोकळा, पदर घट्ट ओढून उभी. इथं येतानाच रिक्षाच्या दांडीला अडकून डोरलं वाढलेलं. सुनेनं तिला आधी हळकुंड दिलं आणि मणी हातात घेतले. मी म्हटलं, सूनबाई, विश्रामबाग ते गिरणी, मी गाडी उडवत नेली तरी पाऊण तास. ती म्हणाली, "एवढं वाढल्यालं झालं की येते."

मी बाहेर गेलो, गाडी सुरू केली. परत आत आलो. चाचांनी स्वतःचं काम थांबवलं होतं. त्यांनाच ती गादीवर राहायला हवी होती ना? पण तेच म्हणाले, "ऊठ पोरी. हे माज्याकडं दे. जा तू." तिच्या दातांत टोक होतं. चाचांनी पुन्हा सांगितलं. या वेळी त्यांचा आवाज मोठा होता, आणि रांगेतल्या बायका बघायला लागल्या. तिनं गाठ मारली, दोरा तोडला, डोरलं त्या बाईच्या हातात ठेवलं. मला वाटलं, उठली. तिनं नुसता पाय बदलला. दुखत असावा.

सव्वातीन झाले होते. फाटकाबाहेर गाडी तशीच धडधडत होती आणि मी आत-बाहेर, आत-बाहेर. पुण्याच्या बाई मला म्हणाल्या, काका, त्यांना ठरवू द्या. मी म्हटलं, तिला ठरवायला वेळ कुठं आहे. माझं सगळं चुकलेलं मला त्या शनिवारी चारच्या आत भरून काढायचं होतं आणि ही पोरगी उठत नव्हती. वर्षभराचं काम गेलं होतं ते माझ्यामुळं. आता गिरणीही गेली तर ती कुणामुळं? हा प्रश्न मी तिला विचारायला खाली वाकलो. टेबलाखाली डोकं घातलं, तर ती पुढच्या बाईची पुडी सोडत होती.

"काका, गाडी बंद करा," ती म्हणाली. "पेट्रोल जळतंय."

"अगं पण चार—"

"म्हायती हाय."

चाचांनी आपला पाय थोडा आत घेतला, तिला लांब करायला जागा व्हावी म्हणून. ती वर बघून पुढच्या बाईला म्हणाली, "द्या वैनी. कवा वाढलं?"